थांब वं, सुरू होऊन राहिलो

"दीदी, इसमें पेनड्राइव नहीं लगा सकते," शोरूममधला माणूस तिसऱ्यांदा म्हणाला. मी तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "कहाँ लिखा है, दिखाओ."

मी हट्टी आहे हे मला कोणी सांगायला नको. रायपूरच्या एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सगळी नोकरी काढली. लॅबला बजेट कधी मिळालं नाही, म्हणून लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम शिकले, मोडकीतोडकी मशीन तिच्यावर चालवून दाखवली, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या लॅपटॉपवरही तेच ठेवलं. आता तो लॅपटॉप मरायला टेकला होता. नवा घ्यायचा तर त्यावर लिनक्स नीट चालेल की नाही, हे डब्यावर कोणी लिहीत नाही. ते आपलं आपण बघावं लागतं. पेनड्राइव्हमध्ये घरचं अख्खं लिनक्स भरून न्यायचं, मशीन त्यावरून सुरू करायचं आणि वायफाय, आवाज, टचपॅड सगळं चालतंय ना ते पाहायचं. पाच मिनिटांचं काम, मशीनच्या आतलं काही हलत नाही. हे मी त्या माणसाला समजावलं, त्यानं मॅनेजरला समजावलं, आणि मॅनेजरनं लांबूनच हात हलवला. करू दे बाईला, जाऊ दे एकदाची, असा तो हात होता.

मोठ्या कंपनीचं चकचकीत मशीन. मी पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, "थांब वं, सुरू होऊन राहिलो."

तो माणूस वाकून वाचायला लागला. "ये कौन सी भाषा है?"

"मराठी."

"मराठी तो थोड़ी-बहुत हम भी समझते हैं, नागपुर में ससुराल है अपनी. पर कंप्यूटर ऐसे थोड़ी बोलता है."

"हमारा ऐसे ही बोलता है," मी म्हटलं.

मशीन सुरू झालं, पण वायफाय दिसेना. आवाजही नाही. मग कोपऱ्यात एक चौकोन आला, "नेट गेलं कुठंतरी. येईन."

"येईन मतलब?"

"आएगा."

"कब आएगा, दीदी?"

मी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडले. त्याच्या प्रश्नात वाईट काहीच नव्हतं, पण मला तिथं थांबवेना. कारण ती सगळी वाक्यं ताईची होती, आणि ताईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. माझं लग्न जमलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फारसं जमू दिलं नाही. आईवडील गेले, भावानं वेगळं बिऱ्हाड केलं, आणि त्या घरात आम्ही दोघी उरलो. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून इकडे आले होते. त्यांच्याबरोबर जी मराठी आली तीच आमच्या घरात टिकली. दारापलीकडे सगळी हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. पुस्तकी मराठी मला वाचता-लिहिता येते, ही आत्ता लिहिते आहे ती तसलीच आहे. पण स्वयंपाकघरात असं कोणी बोललं असतं तर पाहुणे आले समजून ताईनं चहा टाकला असता.

ताईला लॅपटॉपवर पत्ते खेळायला आवडायचे, पण त्याची भीती वाटायची. इंग्रजीत काही चौकोन उमटला की ती हात मागे घ्यायची, "रागावून राहिलं काय वं?" म्हणून मी एकदा सगळी भाषा मराठी करून दिली. तेव्हा पडद्यावर आलं, "निवडलेली धारिका कायमस्वरूपी नष्ट करावयाची आहे काय?"

ताईनं चष्मा कपाळावर चढवला. "हे कोण बोलून राहिलं? तहसीलदार काय?"

लिनक्सची गंमत अशी की ही सगळी वाक्यं साध्या फाइलींमध्ये असतात. वर इंग्रजी ओळ, तिच्याखाली मराठी ओळ. ज्याला येतं त्यानं उघडावी आणि खालची ओळ बदलावी, कोणी अडवत नाही. मी ताईला म्हटलं, मग तू सांग काय लिहू. ती समोर लाल भाजी, म्हणजे लाल माठ, निवडत बसली होती. पहिला प्रश्न तिनं हा विचारला, की हे मशीन पोट्टा आहे का पोट्टी. मी म्हटलं तूच ठरव. "पोट्टाच," ती म्हणाली. "पोट्टी असती तर सुरू व्हायले येवढा वेळ लावला नसता."

मग कित्येक दुपारी आमचा हाच उद्योग चालला. मी इंग्रजी ओळीचा अर्थ सांगायचे, ती भाजीवरून नजर न उचलता बोलायची, मी टाइप करायचे. काढून टाकण्याच्या प्रश्नाचं झालं, "पक्कं काढू? मंग मले बोलू नोको." पासवर्ड चुकला तर, "हा नाही वं, दुसरा सांग." नेट नसलं की, "नेट गेलं कुठंतरी. येईन." आणि बॅटरी संपत आली की, "जीव चालला माया, चार्जर लाव." 'माया' म्हणजे आमच्याकडे 'माझा'. या शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की भाजीत माती नि काड्या तशाच राहिल्या आणि संध्याकाळी जेवताना दाताखाली कचकच आली.

त्या दिवसांत मी लिनक्सचं मराठी भाषांतर करणाऱ्या एका गटालाही मदत करत होते. गटात सगळे लांबचे, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. एकदा माझ्या हातून घोटाळा झाला. सुधारलेली फाइल पाठवायच्या ऐवजी मी ताईवाली पाठवली. दोन दिवसांनी पुण्याकडच्या एका तपासनिसाचं फार सभ्य पत्र आलं. 'डाउनलोड होऊन राहिलं' असं लिहिल्यास डाउनलोड अर्धवट राहिलं असा वाचणाऱ्याचा समज होईल, तरी कृपया 'होत आहे' असं करावं. मी घाईनं माफी मागितली. पण ताई खूश. "काहून? बरोबरच हाय त्याचं. त्याच्याकडे राहिलं म्हणजे झालं नाही. आपल्याकडे राहिलं म्हणजे चालू हाय."

ताई गेली तेव्हा दवाखान्यात तीनच दिवस होती. तेरावं झालं, माणसं पांगली. मी लॅपटॉप उघडला तो बँकेचं काहीतरी बघायला. एवढे दिवस पडून असल्यानं बॅटरी तळाला गेली होती. पडद्यावर आलं, "जीव चालला माया, चार्जर लाव."

मी चार्जर लावला. मग तिथंच फरशीवर बसून रडले. तोवर रडू आलं नव्हतं, बायका मला पाषाण म्हणत होत्या. नंतर तो लॅपटॉप मी रोज उघडायला लागले, काम असो नसो. घरात मला उद्देशून मराठीत बोलणारं तेवढंच एक उरलं होतं. तपासनीसबुवांचं व्याकरण मग मला वेगळंच लागू पडलं. ताई गेली आणि मी राहिले, अर्धवट डाउनलोडसारखी.

तर असा तो लॅपटॉप. आधी त्याची बिजागरी तुटली, मी ती तारेनं आवळली. मग बॅटरी फुगली, ती काढून टाकली आणि नुसत्या चार्जरवर चालवला. आमच्याकडे जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी भुकटी उडून येते, गच्चीवर सकाळी पायाचे ठसे उमटतात. ती आत जाऊन पंखा घरघरायला लागला. शेवटी एक दिवस अर्धा पडदा काळा झाला आणि ताईची वाक्यं मधूनच कापली जायला लागली. "पक्कं काढू? मंग म" एवढंच दिसायचं.

भाच्याला फोन केला. भावाचा मुलगा, उरल्यातल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात आहे, चाळिशीला आला. मनानं चांगला आहे. मी मराठीत बोलते, त्याला सगळं समजतं, आणि तो हिंदीत उत्तर देतो. मला आत्या म्हणत नाही, बुआ म्हणतो. लहानपणी ताई त्याला रागवायची, "आत्या म्हण ना रे पोट्ट्या," आणि तो म्हणायचा, "हाँ बुआ." तेव्हापासून आम्ही तो नाद सोडला.

तो आला, लॅपटॉप बघितला आणि म्हणाला, "बुआ, बड़ी कंपनी का ले लो, सर्विस सेंटर यहीं है, मैं सेट कर दूँगा. मराठी तो उसमें भी आती है."

"येते. तहसीलदाराची येते," मी म्हटलं. "आणि कुलूपबंद. एक अक्षर बदलू देत नाहीत."

तो अगदी जपून म्हणाला, "बड़ी बुआ के जो मैसेज हैं, उनकी फ़ोटो खींच लेते हैं ना. यादगार हो जाएगी."

मी त्याच्यावर ओरडले. ओरडायला नको होतं. "फोटो मी बघीन. पण फोटो माझ्याशी बोलन काय? मले मशीन नाही पाहिजे. घरात तिचं बोलणं पाहिजे!" तो चप्पल घालताना म्हणाला, "अच्छा बुआ, जैसा ठीक लगे." मग तीन रविवार आला नाही.

मी एकटीनंच शोरूम पालथी घातली. पाच ठिकाणी पेनड्राइव्ह लावूच दिला नाही, तिथल्या लोकांना मी व्हायरस घेऊन फिरणारी बाई वाटले असणार. दोन ठिकाणी लावू दिला, त्यातल्या एका ठिकाणी काय झालं ते वर सांगितलंच. मोठ्या कंपन्यांची सगळीच मशीन वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काहींवर लिनक्स झकास चालतं. पण त्यांची खोड अशी, की मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली वायफायची चिप गुपचूप बदलतात. आज दुकानात चाललेलं मशीन उद्या डबाबंद घरी आल्यावर चालेलच याची खात्री कोणी देईना. मी विचारलं की उत्तर यायचं, "कंपनी से मेल करके पूछ लीजिए." मी मेल केले. उत्तर आलं ते इंग्रजी तहसीलदाराचं.

मग नेटवरच्या एका चर्चेत एका छोट्या कंपनीचं नाव वाचलं. दक्षिणेतली, पाच-सात माणसांची. लॅपटॉप जुळवतात आणि लिनक्स घालूनच विकतात. रायपूरमध्ये त्या नावाला कोणी ओळखत नव्हतं. मी फोन लावला. ज्यानं उचलला तोच मशीन जुळवणारा निघाला. त्याची हिंदी माझ्या इंग्रजीइतकीच कच्ची, त्यामुळे आमचं छान जमलं. मी प्रत्येक चिपचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. माझी ताईवाली फाइल चालेल का विचारलं. त्यानं ती मागवून घेतली, आपल्या टेबलावरच्या मशीनवर घातली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पाठवला. माझ्या ताईचं "थांब वं" हजार कोसांवर कोणाच्या तरी टेबलावर उमटलं होतं. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. "शेप ठीक है मैडम?" एवढंच त्यानं विचारलं.

एक गोष्ट त्यानं प्रामाणिकपणे सांगितली. बिघडलं तर घरी माणूस येणार नाही. भाग पोस्टानं येईल, स्क्रू तुम्हीच उघडायचे. "घर में कोई है हेल्प के लिए?"

"ज़रूरत नहीं," मी म्हटलं. स्क्रूची मला भीती नाही. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न बराच वेळ खोलीत राहिला. मोठं नाव घेतलं असतं तर निदान वर्षाकाठी एखादा इंजिनिअर आला असता, भाचा त्याला सोडायला आला असता, मी पोहे केले असते. हे मशीन घेतलं की तेही नाही. मला दोन्ही हवं होतं आणि एकच मिळणार होतं. मी ऑर्डर दिली.

फॉर्मवर दुसरा मोबाइल नंबर मागितला होता. मी भरला. पार्सल यायच्या दिवशी सकाळपासून दाराशी बसले, कोणी आलं नाही. चार दिवसांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की कुरिअरवाला गल्लीत आला होता, माझा फोन लागला नाही म्हणून त्यानं दुसरा नंबर फिरवला, तो बंद, म्हणून माल शहराच्या टोकाला भनपुरीच्या गोदामात परत. दुसरा नंबर ताईचा होता. बोटांनी सवयीनं लिहिला होता, मला पत्ताच नाही.

भनपुरीला ऑटोवाले यायला कुरकुरतात. ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकून पोचले. गोदामातल्या पोरसवदा कारकुनानं कागद पुढं सरकवला, "दूसरा नंबर बदल दीजिए, वो तो लगता नहीं." मी पेन घेऊन उभी राहिले. भाच्याचा नंबर लिहावासा वाटला. पण त्याला न विचारता कसा लिहायचा? शेवटी माझाच पुन्हा लिहिला. त्यानं बघितलं आणि पार्सल आणायला आत गेला.

दुपारी घरी आल्यावर मशीन लावलं. सगळं चाललं. वायफाय, आवाज, टचपॅड, पहिल्या झटक्यात. "थांब वं, सुरू होऊन राहिलो," आलं, आणि मी जेवायला बसल्यासारखी मांडी घालून बसले.

पण अर्ध्या तासात लक्षात आलं. नव्या लिनक्समध्ये नवे प्रोग्राम होते, नव्या खिडक्या, नवे प्रश्न. ताई होती तेव्हा ते नव्हतेच. त्या ठिकाणी तिच्या ओळी नव्हत्या, म्हणून तिथं तहसीलदार बोलत होता. एक चौकोन ताईचा, पुढचे तीन त्याचे. हे मला आधी कळायला हवं होतं, माझा धंदाच तो. दरवर्षी नवे प्रश्न वाढत जाणार आणि ताईच्या ओळी होत्या तेवढ्याच राहणार. एक दिवस तिचं काहीच उरणार नाही. कुठल्याही कंपनीचा लॅपटॉप घेतला असता तरी हेच झालं असतं.

फाइल उघडली. रिकाम्या ओळी शेकडो होत्या. पहिल्या दिवशी एकही जमली नाही. मी लिहायचे ते पुस्तकी यायचं, नाहीतर नाटकात गावंढळ बाईचं सोंग करतात तसं. मग सुचलं, की ताई लिहीत नव्हती, बोलत होती. म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले. बंद घरात, भर दुपारी, भिंतींकडे तोंड करून. शेजारची बाई दारात येऊन विचारून गेली, "दीदी, कोई आया है क्या?" मी म्हटलं, नाही. पण बोलता बोलता तोंड सैल झालं आणि ओळी यायला लागल्या. "नवीन वस्तू लावली वाट्टे." "आवाज कमी कर, कान फुटन." त्या ताईच्या होत्या की माझ्या, ते मला सांगता येत नाही. दीड वर्षात मी एवढं बोलले नव्हते.

असं करत एका ओळीपाशी येऊन अडले. बराच वेळ मशीनला हात लावला नाही तर एक प्रोग्राम विचारतो. इंग्रजीत होतं ते एवढंच, तुम्ही अजून आहात का?

ताई हे कसं म्हणाली असती, मला आठवेना. भिंतींना विचारून पाहिलं, भाजी निवडायला घेऊन पाहिलं. मग कळलं, आठवणार कुठून? तिनं मला हे कधी विचारलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात असो की न्हाणीत, मी घरात आहे हे तिला पावलांवरून, भांड्यांवरून कळायचं. हा प्रश्न आमच्या घरात कधी लागलाच नव्हता.

तो मला एकटीलाच लिहावा लागला. मी लिहिलं, "हायेस काय वं अजून?" खाली हो आणि नाही अशी दोन बटणं होती. रायपूरचे लोक होकाराला 'हव' म्हणतात, ताईच्याही तोंडी तेच बसलं होतं, म्हणून 'हो'चं 'हव' केलं. नाहीवर थांबले. जो नाही, तो हे बटण दाबायला कुठून येणार? पण फाइलीत ओळ रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ते तसंच राहू दिलं.

मग चालतंय का ते बघायला हात मांडीवर ठेवून बसले. दहा मिनिटं लागतात. पडद्यावर आलं, "हायेस काय वं अजून?" ते मीच लिहिलं होतं, मला पक्कं माहीत होतं. तरी घरात कोणीतरी मला विचारलं असंच वाटलं, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हव."